'परिवलन' : एका पारिभाषिक संज्ञेचा अर्थ आणि अणूतील इलेक्ट्रॉनाचे वर्तन

१. प्रश्न

शास्त्रीय परिभाषेतील काही संज्ञा भाषेच्या अभ्यासकास विशेष विचार करावयास लावतात. 'परिवलन' ही त्यांपैकी एक होय. शालेय भूगोलातून ही संज्ञा प्रत्येक मराठी वाचकाच्या परिचयाची झालेली असते. पृथ्वी स्वतःच्या आसाभोवती फिरते ते परिवलन आणि सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण, हा भेद आपण बालपणीच पाठ केलेला असतो. पुढे तोच विद्यार्थी अणुरचनेचा पाठ वाचू लागतो, तेव्हा अणूतील इलेक्ट्रॉनासही परिवलन असते असे त्यास सांगण्यात येते. आणि थोड्याच ओळींनंतर, इलेक्ट्रॉन वस्तुतः स्वतःभोवती फिरत नाही, असेही सांगण्यात येते.

परिभाषेच्या एका तासाला एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास सरळ प्रश्न केला : "फिरत नाही, तर त्याला परिवलन का म्हणावयाचे?" त्या वेळी 'हा केवळ संकेत आहे' असे उत्तर देऊन वेळ निभावून नेली. उत्तर अगदीच चुकीचे नव्हते; परंतु त्यात आळस होता. प्रस्तुत लेखक पदार्थविज्ञानाचा अभ्यासक नाही. तथापि शब्दाचा अर्थ सांगावयाचा, तर शब्द ज्या वस्तूस लावला आहे ती वस्तू जाणून घेणे क्रमप्राप्त ठरते. त्या दृष्टीने जे वाचले व पदार्थविज्ञानाच्या अध्यापकांशी चर्चा करून जे समजून घेतले, ते येथे शक्य तितक्या साध्या रीतीने मांडण्याचा विचार आहे.

२. कक्षा आणि कक्षक

प्रथम एका शेजारच्या संज्ञेकडे पाहू. १९१३ मध्ये नील्स बोर यांनी हायड्रोजनच्या अणूची जी प्रतिमा मांडली, तीत इलेक्ट्रॉन अणुकेंद्राभोवती ठरावीक कक्षांतून फिरतो असे मानले होते. १९२५-२६ मध्ये पुंजयामिकीचा उदय झाल्यावर ही प्रतिमा टिकली नाही. इलेक्ट्रॉनाचा निश्चित मार्ग सांगता येत नाही. तो कोठे आढळण्याचा संभव किती, एवढेच सांगता येते. या संभवाचे वितरण ज्या गणिती फलनाने व्यक्त होते, त्यास काय म्हणावयाचे? १९३२ मध्ये रॉबर्ट मलिकन यांनी इंग्रजीतील 'ऑर्बिट' या नामाऐवजी 'ऑर्बिटल' हा शब्द नाम म्हणून रूढ केला. कक्षेचे नाते सुटू नये, परंतु ती कक्षा आहे असाही समज होऊ नये, ही त्यामागील सोय. मराठीतही 'कक्षा' आणि 'कक्षक' असा भेद करता येतो. गोलाकार वितरणाचा तो एस-कक्षक, मधोमध रिक्त पातळी असलेला दोन पाकळ्यांचा तो पी-कक्षक, आणि याप्रमाणे पुढे.

एक कक्षक तीन अंकांनी निश्चित होतो. त्यांस पुंजांक म्हणतात. पहिला पुंजांक कवचाचा, दुसरा कक्षकाच्या आकाराचा व तिसरा त्याच्या अवकाशातील मांडणीचा. या तिन्हींची गणना केली असता पहिल्या कवचात १, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात ९ आणि चौथ्यात १६ कक्षक येतात. परंतु कवचांत मावणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या संख्या आहेत २, ८, १८ व ३२. रसायनशास्त्रातील आवर्तसारणीच्या ओळींत हेच आकडे पुनःपुन्हा भेटतात. प्रत्येक ठिकाणी गणना बरोबर निम्मी भरते. याचा अर्थ असा की, इलेक्ट्रॉनाचे एखादे लक्षण आपण मोजावयाचे राहिले आहे आणि त्या लक्षणास दोन, केवळ दोनच, मूल्ये आहेत.

३. नावाचा इतिहास

हे ज्यांच्या प्रथम ध्यानात आले ते वोल्फगांग पाउली होत. १९२४ च्या अखेरीस त्यांनी या चौथ्या लक्षणाचा निर्देश केला. परंतु त्यास कोणतेही चित्र जोडण्याचे त्यांनी कटाक्षाने टाळले. जुन्या यामिकीच्या भाषेत ज्याचे वर्णन करता येत नाही असे द्विमूल्यत्व, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी योजलेला जर्मन शब्द भाषाभ्यासकाने लक्षात ठेवावा असा आहे. तो शब्द म्हणजे 'त्स्वायडॉयटिश्काइट'. 'त्स्वाय' म्हणजे दोन आणि 'डॉयटेन' म्हणजे अर्थ लावणे. रोजच्या जर्मन भाषेत हा शब्द द्व्यर्थी बोलण्यासाठी वापरला जातो. आपण ज्यास श्लेष किंवा दुटप्पी अर्थ म्हणू, त्याच्या जवळचा. इलेक्ट्रॉनाच्या या लक्षणाचे पहिले नाव अशा प्रकारे भाषेच्या प्रांतातून आलेले होते.

ते नाव टिकले नाही. १९२५ च्या आरंभी राल्फ क्रोनिग या तरुणाने अशी कल्पना केली की इलेक्ट्रॉन हा स्वतःभोवती फिरणारा लहानसा गोळा असावा. उजवीकडे व डावीकडे अशा फिरण्याच्या दोन दिशा म्हणजेच ती दोन मूल्ये. पाउली यांना ही कल्पना मान्य झाली नाही व क्रोनिग यांनी ती प्रसिद्ध केली नाही. त्याच वर्षीच्या शरदात हॉलंडमधील लायडेन येथे जॉर्ज उलेनबेक व सॅम्युएल गाउडस्मिट यांना स्वतंत्रपणे तीच कल्पना सुचली. त्यांचे गुरू पॉल एरेनफेस्ट यांनी त्यांच्याकडून छोटेसे टिपण लिहवून घेतले. पुढे वयोवृद्ध लोरेंट्स यांच्याशी चर्चा करता अडचणी ध्यानात आल्या आणि दोघांनी टिपण परत मागितले. परंतु एरेनफेस्ट यांनी ते आधीच धाडले होते. तुम्ही दोघेही तरुण आहात, एखादा मूर्खपणा तुम्हांस परवडेल, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिल्याचे उलेनबेक यांनी पुढे सांगितले आहे. नोव्हेंबर १९२५ मध्ये ते टिपण प्रसिद्ध झाले आणि फिरण्याची प्रतिमा विज्ञानात कायमची रुजली.

इंग्रजीत तिचे नाव 'स्पिन' असे झाले. या क्रियापदाचा मूळ अर्थ सूत कातणे असा आहे. गरगर फिरण्याचा अर्थ त्यास नंतर लाभला. मराठीत शास्त्रीय लेखनात 'परिवलन' हा शब्द आला. त्याबरोबर पृथ्वीचा आस, तिचे दिवस आणि रात्र हे सारे चित्रही नकळत आले.

४. चित्र कोठे खोटे ठरते

लोरेंट्स यांची हरकत समजण्यास कठीण नाही. त्या काळच्या कल्पनेप्रमाणे इलेक्ट्रॉनाची त्रिज्या म्हणजे, एका मीटरचे हजार अब्ज भाग करून त्यांतील एका भागाचे पुन्हा हजार भाग केले असता जी लांबी येते, तिच्या सुमारे तिप्पट. एवढ्या लहान गोळ्याने आवश्यक तेवढा कोनीय संवेग धारण करावयाचा तर त्याच्या पृष्ठभागास प्रकाशवेगाच्या शंभर पटींहून अधिक वेगाने फिरावे लागेल. सापेक्षतेच्या सिद्धांतानुसार हे अशक्य आहे. गोळा मोठा मानावा तर ही अडचण मिटेल. परंतु आजवरच्या कोणत्याही प्रयोगात इलेक्ट्रॉनास मोजता येण्याजोगे आकारमान आढळलेले नाही. ज्यास पृष्ठभागच नाही, त्याचे फिरणे कशावरून ओळखावे?

दुसरी अडचण याहून मूलगामी आहे. भोवऱ्यास जोर द्यावा तसा तो अधिक वेगाने फिरतो, आणि सोडून दिला म्हणजे मंदावतो. इलेक्ट्रॉनाचे परिवलन वाढविता येत नाही व थांबविताही येत नाही. प्लांक यांच्या स्थिरांकास 'दोन पाय'ने भागले असता जी राशी मिळते तिला एकक मानले, तर कोणत्याही ठरविलेल्या दिशेत परिवलनाचे मोजमाप अधिक अर्धा किंवा उणे अर्धा एकक एवढेच येते. विश्वातील प्रत्येक इलेक्ट्रॉनाच्या बाबतीत हे खरे आहे.

तिसरी गोष्ट तर आपल्या नित्याच्या अनुभवास धरून नाहीच. एखादी वस्तू ३६० अंशांनी फिरविली म्हणजे ती पूर्वस्थितीत येते. अर्ध्या परिवलनाच्या कणाचे वर्णन करणारे फलन मात्र ३६० अंशांनंतर उलट चिन्हाचे होते व ७२० अंशांनंतरच मूळ रूपास येते. १९७५ मध्ये न्यूट्रॉनांवर केलेल्या प्रयोगांत हे प्रत्यक्ष दिसून आले. न्यूट्रॉनाचे परिवलनही इलेक्ट्रॉनाप्रमाणेच अर्धे असते.

५. चित्र कोठे खरे ठरते

एवढ्यावरून 'परिवलन' ही संज्ञा सर्वथा चुकीची आहे असा निष्कर्ष काढला तर तो घाईचा होईल. १९१५ मध्ये आइन्स्टाइन व द हास यांनी एक साधा दिसणारा प्रयोग केला. लोखंडाची कांडी बारीक तंतूने टांगून तिच्याभोवती तारेचे वेटोळे ठेवले. विद्युत्प्रवाहाची दिशा उलटली की कांडीचे चुंबकत्व उलटते. आणि त्याच क्षणी कांडीस किंचित पीळ बसून ती वळते. पुढील काही वर्षांत इतरांनी केलेल्या काटेकोर मापनांत चुंबकत्व व कोनीय संवेग यांचे जे प्रमाण मिळाले, ते कक्षेत फिरणाऱ्या विद्युत्भाराच्या मानाने जवळजवळ दुप्पट होते. लोखंडाचे चुंबकत्व मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या परिवलनातून येते, हा त्याचा अर्थ पुढे उलगडला.

या प्रयोगाचे तात्पर्य लक्षात घेण्यासारखे आहे. कोनीय संवेग नष्ट होत नाही व शून्यातून निर्माणही होत नाही. इलेक्ट्रॉनांच्या परिवलनाची दिशा बदलली, तर तेवढा कोनीय संवेग कोणाला तरी घ्यावा लागतो. येथे तो कांडीने घेतला. इलेक्ट्रॉन फिरत नाही. परंतु डोळ्यांना दिसणारी कांडी तो फिरवितो. फिरण्याची जी हिशेबवही निसर्ग ठेवतो, तीत इलेक्ट्रॉनाच्या परिवलनाची नोंद खऱ्या फिरण्याच्या शेजारीच होते.

१९२८ मध्ये डिरॅक यांनी सापेक्षता व पुंजयामिकी यांचा मेळ घालणारे समीकरण मांडले. त्यात फिरत्या गोळ्याची कल्पना कोठेही नव्हती. तरीही अर्धे परिवलन आणि चुंबकत्वाचे दुप्पट प्रमाण ही दोन्ही त्यातून आपोआप निष्पन्न झाली. आज ते प्रमाण नेमके दोन नसून सुमारे २.००२३ आहे हे ज्ञात आहे.

६. दोनच मूल्ये का

परिवलनाचे द्विमूल्यत्व डोळ्यांना दिसण्याचा प्रसंग मात्र या नावाच्या आधीचा आहे. १९२२ मध्ये फ्रांकफुर्ट येथे ऑटो स्टर्न व वाल्टर गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडला. चांदीच्या अणूत ४७ इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकी ४६ जणांचे परिणाम परस्परांत मिटतात आणि एस-कक्षकातील एक उरतो. अणूंचे चुंबक वाटेल त्या दिशेने रोखलेले असते, तर काचेवर एक सलग पट्टा उमटला असता. प्रत्यक्षात दोन वेगळ्या रेषा उमटल्या.

हे दोनच का, याचे गणित सोपे आहे. कक्षीय संवेगाचा पुंजांक ०, १, २ असा पूर्णांकच असतो आणि त्यापासून होणाऱ्या विभागांची संख्या त्याच्या दुपटीहून एकने अधिक असते : १, ३, ५. ही संख्या नेहमी विषम येते. दोन ही सम संख्या हवी असेल तर पुंजांक अर्धा असला पाहिजे : अर्ध्याची दुप्पट एक, अधिक एक म्हणजे दोन. स्टर्न व गेरलाख यांना त्या वेळी परिवलनाची कल्पना नव्हती. आपण बोर यांच्या कक्षांची परीक्षा करीत आहोत असेच ते समजत होते. १९२७ मध्ये फिप्स व टेलर यांनी हायड्रोजनच्या अणूंवर हाच प्रयोग करून तेच उत्तर मिळविले. हायड्रोजनात एकच इलेक्ट्रॉन व त्याचा कक्षीय संवेग शून्य; तेव्हा ही दुफळी परिवलनाचीच, याविषयी शंका उरली नाही.

भाषाभ्यासकास येथे आपल्या शास्त्रातील एक गोष्ट सहज आठवेल. 'प' आणि 'ब' यांत भेद एकाच लक्षणाचा : एक अघोष, दुसरा सघोष. ते लक्षण स्वतंत्रपणे काय आहे यापेक्षा त्याच्या दोन मूल्यांतील विरोध महत्त्वाचा. परिवलनाची 'वर' आणि 'खाली' ही मूल्येही अशीच विरोधाने ओळखली जातात. परंतु ही उपमा फार ताणू नये. 'प' हा उच्चारण्यापूर्वीही अघोषच ठरलेला असतो. इलेक्ट्रॉनाच्या बाबतीत कोणत्या दिशेने विचारले यावर उत्तर अवलंबून असते. 'वर' ठरलेले अणू घेऊन ते ६० अंशांनी कललेल्या दुसऱ्या चुंबकातून सोडले, तर त्यांतील तीन चतुर्थांश नव्या दिशेने 'वर' व एक चतुर्थांश 'खाली' जातात. चुंबक ९० अंशांनी कलता केल्यास निम्मे-निम्मे. मध्यम असे उत्तर कधीच मिळत नाही. पाउली यांचा द्व्यर्थतेचा शब्द येथे किती चपखल होता, हे ध्यानात येईल.

७. कक्षकांतील व्यवस्था

आता अणूकडे परतू. पाउली यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या विवर्जन तत्त्वानुसार एका अणूतील कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही पुंजांक सारखे असू शकत नाहीत. एका कक्षकाचे तीन अंक ठरलेले. तेव्हा चौथ्याच्या दोन मूल्यांमुळे त्यात दोनच इलेक्ट्रॉन राहू शकतात आणि त्यांची परिवलने परस्परविरुद्ध असावी लागतात. २, ८, १८, ३२ या आकड्यांचा उलगडा येथे होतो. हे तत्त्व नसते तर प्रत्येक अणूतील सर्व इलेक्ट्रॉन सर्वांत खालच्या कक्षकात कोसळले असते. कार्बन, प्राणवायू व लोह यांचे निरनिराळे रासायनिक स्वभावच संभवले नसते.

येथे एक प्रचलित गैरसमज दूर करणे इष्ट होईल. विरुद्ध परिवलनाचे दोन इलेक्ट्रॉन लहान चुंबकांप्रमाणे परस्परांस आकर्षून जोडी करतात, असे पुष्कळदा सांगितले जाते. हे खरे नाही. त्यांचे चुंबकीय बल अतिशय क्षीण असते आणि विवर्जन हे बल नव्हेच. हेलियमचे उदाहरण घेऊ. त्याच्या वर्णपटात रेषांची दोन अलग कुटुंबे आढळली, तेव्हा हे दोन वायूंचे मिश्रण असावे असेही काहींना वाटले होते. १९२६ मध्ये हायझेनबर्ग यांनी याचा उलगडा केला. एक इलेक्ट्रॉन पहिल्या व दुसरा दुसऱ्या एस-कक्षकात असता, दोघांची परिवलने समांतर असलेली स्थिती विरुद्ध असलेल्या स्थितीपेक्षा सुमारे ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टने खाली असते. चुंबकीय बलाने पडणारा फरक याच्या हजारो पटींनी लहान असतो. खरे कारण विद्युत्प्रतिकर्षणात आहे : समांतर परिवलनाचे इलेक्ट्रॉन विवर्जन तत्त्वामुळे परस्परांपासून दूर राहतात आणि त्यामुळे त्यांच्यातील प्रतिकर्षणाची ऊर्जा कमी होते.

हुंड यांचा नियमही याच मार्गाने समजतो. नत्रवायूच्या अणूतील बाहेरचे तीन इलेक्ट्रॉन तीन पी-कक्षकांत एकेक करून आणि समांतर परिवलनाने राहतात. प्राणवायूच्या रेणूतही सारख्या ऊर्जेच्या दोन कक्षकांत दोन इलेक्ट्रॉन असेच समांतर असतात. म्हणून उणे १८३ अंश सेल्सिअसखाली द्रवरूप केलेला प्राणवायू प्रबळ चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ओतला असता तेथेच लोंबकळून राहतो. द्रवरूप नत्रवायू मात्र सरळ वाहून जातो, कारण त्याच्या रेणूत सर्व परिवलने जोडीने मिटलेली असतात.

परिवलनाची आणखी एक खूण तर आपल्या चुलीपर्यंत आलेली आहे. ज्योतीत चिमूटभर मीठ टाकले की ती पिवळी होते. तो सोडियमचा प्रकाश. वर्णपटदर्शकातून पाहिले तर हा पिवळा रंग एका रेषेचा नसून ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन रेषांचा दिसतो. सोडियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन पी-कक्षकातून एस-कक्षकात उतरतो तेव्हा हा प्रकाश बाहेर पडतो. पी-कक्षकात इलेक्ट्रॉनास कक्षीय संवेग असतो. त्याची परिवलनाशी बेरीज दोन प्रकारे होते, दीड किंवा अर्धा, आणि दोन्हींच्या ऊर्जा किंचित भिन्न असतात. फरक एकंदर ऊर्जेच्या सुमारे एक सहस्रांश आहे.

८. खोडदच्या तबकड्या

पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या तीस तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. या दुर्बिणीने जे तरंग टिपले जातात, त्यांत हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगाचा समावेश होतो. हायड्रोजनच्या सर्वांत खालच्या एस-कक्षकातील इलेक्ट्रॉनाचे परिवलन केंद्रातील प्रोटॉनाच्या परिवलनाशी समांतर असेल, तर अणूची ऊर्जा अत्यल्प प्रमाणात अधिक असते. ते उलटले की हा तरंग बाहेर पडतो. एकटा सोडलेला अणू यासाठी सरासरीने सुमारे एक कोटी दहा लाख वर्षे घेतो. परंतु आकाशगंगांत हायड्रोजन इतका विपुल आहे की संदेश सतत येतच राहतो. हा तरंग असावा असे व्हान द हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये सांगितले आणि १९५१ मध्ये तो सापडला. २०२३ च्या आरंभी जाहीर झालेल्या एका संशोधनात खोडदच्या दुर्बिणीने सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हा तरंग ओळखला. विश्वाच्या प्रसरणाने तो ताणला जाऊन सुमारे ४८ सेंटिमीटरचा झाला होता. जुन्नरच्या परिसरातील शेतांमधून उभ्या असलेल्या त्या तबकड्यांनी जे ऐकले, ते इलेक्ट्रॉनांच्या परिवलनाचे उलटणे होते.

९. उपसंहार

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 'परिवलन' हा शब्द टाकून द्यावा काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. इंग्रजीतील 'ॲटम' या शब्दाचे मूळ ग्रीक रूप 'अविभाज्य' असे सांगते. अणूचे विभाजन होऊनही तो शब्द टिकला आहे. आपणही 'सूर्य उगवला' असेच म्हणतो आणि त्यामुळे कोणाचेही पंचांग चुकत नाही. कक्षेचा कक्षक झाला तसा परिवलनाचाही एखादा नवा शब्द घडविता आला असता. परंतु रूढ झालेली संज्ञा मोडण्यात लाभापेक्षा गोंधळ अधिक.

मात्र शब्द ठेवावयाचा तर अध्यापकाने त्याची सीमा स्पष्ट करून सांगितली पाहिजे. गोळा, आस, पृष्ठभाग आणि वेग ही भूगोलातून आलेली सामग्री मागे ठेवावी. कोनीय संवेग, चुंबकत्व आणि दोनच मूल्ये एवढे मात्र जवळ बाळगावे. मराठीतून विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण बहुधा शब्द अपरिचित असल्याने होत नाही. परिचित शब्द न तपासता स्वीकारल्याने होते. अपरिचित शब्दाजवळ तो थांबतो व विचारतो. परिचित शब्द त्यास थांबू देत नाही.

त्या विद्यार्थ्याने परिचित शब्दाजवळ थांबून प्रश्न विचारला, हे त्याचे श्रेय होय. त्यास आज उत्तर द्यावयाचे झाल्यास असे देता येईल : इलेक्ट्रॉन पृथ्वीप्रमाणे फिरत नाही, परंतु निसर्गातील फिरण्याच्या जमाखर्चात त्याचा वाटा खरा आहे, ठरलेला आहे आणि कधीही न चुकणारा आहे. त्या वाट्याचे नाव परिवलन.